मयताची रजा

ज्या दिवशी मला कॅन्सर असल्याचं कळलं, त्या दिवशी मी माझ्या सख्ख्या काकांना मारून टाकलं. फोनवर. ते त्या वेळी चोपड्याच्या पुढे, आमच्या गावी, घराच्या ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत असतील, कारण दुपारी ते तेच करत. त्यांना साधी उचकीसुद्धा लागली नसेल.

हे मी कोणाला हसवायला लिहीत नाही. हसू येईल, त्याला माझी हरकत नाही. पण आत्ता या घडीला माझ्यासारखा कोणीतरी दवाखान्याच्या पायरीवर बसला असेल, हातात रिपोर्टची पिशवी असेल आणि डोक्यात एकच विचार असेल, की कामावर काय सांगू. हे त्याच्यासाठी आहे. त्याने माझ्यासारखं करू नये.

आजार कुठला ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी जीभ अडखळायला नको. मला गुदाशयाचा कॅन्सर झाला. म्हणजे शौचाच्या जागेचा. बघा, लिहितानासुद्धा मी आधी पुस्तकी शब्द पुढे केला आणि मग त्याच्या आडून खरा शब्द काढला. इतकी वर्षं मी जगलो, पण माझ्याच शरीराचा तो भाग मला कधी नावाने हाक मारण्यासारखा वाटला नाही.

मूळव्याध

मी जळगावला प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात मशीनवर आहे. गरमीचं काम, पाण्याकडे दुर्लक्ष, शिफ्टची जेवणं. आमच्यात मूळव्याध म्हणजे सर्दीसारखी. फरक एवढाच की सर्दी झालेल्याची कोणी थट्टा करत नाही. आमच्या शिफ्टमधल्या एकाला ती झाल्याचं फुटलं, तेव्हा त्याच्या स्टुलावर सायकलची हवा भरलेली ट्यूब ठेवलेली सापडली होती. सगळी शिफ्ट पोट धरून हसली. तो माणूस पुढे महिनाभर उभ्यानेच जेवायचा.

म्हणून रक्त पडायला लागलं तेव्हा मी ते माझ्यापाशीच ठेवलं. बसस्टँडजवळ मूळव्याध खात्रीने बरी करतो म्हणणारा एक जण बसतो, त्याच्याकडून पुड्या आणल्या. ताकातून घेतल्या. दूध सोडलं, मिरची सोडली. खान्देशातल्या माणसाने मिरची सोडली म्हणजे घरात काय ते कळायला पाहिजे होतं, आणि ते कळलंही. कपडे धुणारी बायको होती. उषा काही दिवस गप्प राहिली. मग एका सकाळी तिने माझी धुतलेली पँट माझ्यापुढे ठेवली. डाग गेला नव्हता.

"हे मूळव्याधीचं नाही," ती म्हणाली. "उठा."

जळगावात काय दवाखाने कमी आहेत? शिवाय माझ्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापले जातात. विम्याचा दवाखाना आहे, तिथे केसपेपर फुकट, औषध फुकट. पण त्या दवाखान्याच्या रांगेत सगळे आमचेच लोक. पुढचा म्हणणार, काय रे हिरालाल, काय झालं? आणि मागचा कान टवकारणार. मी उषाला म्हटलं, धुळ्याला जाऊ. तुझा भाऊ आहे तिथे, सोय होईल. सोय हे निमित्त होतं. धुळ्यात मला कोणी ओळखत नाही, हे खरं कारण होतं.

माझा पहिला प्रश्न

धुळ्याचे डॉक्टर तरुण होते. तपासण्या झाल्या, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी कागदाच्या मागे एक वाकडी नळी काढून दाखवली. एवढा भाग काढावा लागेल, म्हणाले. ऑपरेशनला उशीर नको. त्यानंतर शौच पोटावर केलेल्या वाटेने बाहेर येईल, तिथे पिशवी लावावी लागेल. काही महिने, किंवा कायमची. ते ऑपरेशन करतानाच कळेल.

उषाने विचारलं, "जिवाला धोका नाही ना?"

मी विचारलं, "शर्टावरून दिसेल का?"

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांनी आधी उषाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. माझ्या प्रश्नाची मला त्या दिवशी लाज वाटली नाही. आता वाटते. बायको माझा जीव मागत होती आणि मी इस्त्री सांभाळत होतो.

बाहेर पायरीवर येऊन मी सुपरवायझरना फोन लावला. खरं सांगायचं ठरवूनच लावला होता. आजारी आहे, ऑपरेशन आहे, एवढं पुरे होतं. पण ते म्हणाले, "रजा कशाला रे? काय झालं?" आणि त्या 'काय झालं'च्या पुढे मला ती ट्यूब दिसली, स्टुलावरची.

"आबा वारले," मी म्हणालो.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी लहान असताना गेले. आबांना मूलबाळ नाही. त्यांनी मला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. त्यांना अग्नी द्यायचा तो मीच. म्हणून माझ्या तोंडात त्यांचंच नाव आलं असेल, की या माणसाच्या मयताला मला कोणी अडवणार नाही. आमच्याकडे एक रीत आहे. दुसऱ्या कशाला रजा मागितली तर दहा प्रश्न, पण मयताला कोणी नाही म्हणत नाही. गंधमुक्ती होईपर्यंत, म्हणजे सुतक फिटून नातलग कपाळाला गंध लावतात तोवर, मशीन दुसरा सांभाळतो.

सुपरवायझरचा आवाज एकदम मऊ झाला. "जा भाऊ. इकडची काळजी करू नको. गंधमुक्ती उरकूनच ये."

मी तिथेच रडायला लागलो. त्यांना वाटलं आबांसाठी. त्यांनी माझी समजूत घातली, आणि मी ती घालून घेतली.

उषा शेजारीच उभी होती. "कोण वारलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

तिला समजायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "स्वतःच्या आजाराचं नाव घ्यायची लाज वाटली, आणि देवमाणसाला मारताना वाटली नाही."  

तोंड

ऑपरेशनचं मी काही सांगत नाही, कारण मी त्यात झोपलेलो होतो. शुद्धीवर आल्यावरचं सांगतो. सकाळी पाच-सहा माणसं येऊन पडदा ओढत, पोट बघत आणि पडदा तसाच अर्धा ठेवून जात. मग मावशी पुसायला येत. मग चहा. मग पिशवी.

ती पिशवी पहिल्यांदा भरली तेव्हा मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. वास माझाच, पण मला तो ओळखू येत नव्हता. सिस्टर उषाला शिकवत होत्या, असं काढायचं, असं पुसायचं, चामडी ओली ठेवायची नाही. मी चादरीखाली. मधेच फरशी पुसणाऱ्या मावशींचा आवाज आला, "तोंड काय झाकून घेतलंय भाऊ? तोंडाला काही झालेलं नाही तुमच्या."

उषा हसली. कित्येक दिवसांनी. मीही चादरीत हसलो, आणि टाके दुखले. आजारपणात अशी एखादी गोष्ट मिळते, ती जपून ठेवावी.

पण त्याच्या पुढे चांगलं काही लिहिण्यासारखं नाही. मी उषावर चिडायचो. ती पिशवी बदलताना नाक मुरडते का, हे बघत राहायचो. ती मुरडत नव्हती, मग मला वाटायचं, मुद्दाम मुरडत नाही. दोंडाईच्याला दिलेल्या मुलीला आम्ही कळवलं नाही, तिच्या सासरी समजेल म्हणून. आबांना तर कळवायचा प्रश्नच नव्हता. त्यांना काय सांगणार? तुमच्या मयताच्या रजेत माझं ऑपरेशन झालं, असं?

दारावर

एक गोष्ट मी विसरलो होतो, आणि खान्देशातल्या माणसाने ती विसरावी याला मूर्खपणाच म्हटलं पाहिजे. आपल्याकडे मयत झालेल्या घरी लोक दारावर जातात. न बोलावता जातात. गाडी करून जातात.

माझ्या शिफ्टचे लोकही गेले. सुटीचा दिवस बघून, वर्गणी काढून, गाडी करून. दुखवट्याची म्हणून माझ्यासाठी पांढरी टोपी आणि टॉवेल घेतला. गावात शिरल्यावर विचारलं, नामदेव आबांचं घर कुठलं? लोकांनी दाखवलं. पुढे काय झालं ते भिकनने मला नंतर सांगितलं. भिकन माझ्या शेजारच्या मशीनवर असतो.

ते चेहरे पाडून, चपला काढून, रांगेने ओट्याजवळ गेले. ओट्यावर एक म्हातारा सुपात शेंगा घेऊन बसलेला. भिकन त्याच्यासमोर हात जोडून म्हणाला, "आबा गेले, फार वाईट झालं."

म्हाताऱ्याने विचारलं, "कोनता आबा?"

"नामदेव आबा. आमच्या हिरालालचे काका."

म्हाताऱ्याने सूप बाजूला ठेवलं. "नामदेव ते मीच शे," तो म्हणाला. "मी आजून जित्ता शे भाऊ."

भिकन म्हणतो, कोणाला बसावं की पळावं ते कळेना. टोपी ज्याच्या हातात होती त्याने ती पाठीमागे लपवली. पण आबांनी कोणाला उठू दिलं नाही. "बसा," म्हणाले. "इतला लांबतून उनात, उपाशी कसाले जातस?" शेजारच्या घरी सांगून वरण-बट्टी करवली. मयताच्या दारावर आलेल्या माणसांना मेलेल्या माणसाने आग्रह करकरून वाढलं.

जेवताना कोणीतरी म्हणालंच, हिरालाल असं खोटं का बोलला असेल? तेव्हा आबांना माझ्या आजाराचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तरी ते म्हणाले, "मना पोऱ्या खोटं बोलस नही. बोलना व्हई, ते त्याना मांगे काहीतरी मोठं व्हई."

हे वाक्य भिकनने मला सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, पुन्हा सांगू नको.

गाडी गेल्यावर आबांनी उषाला फोन केला. ती एकदाची मोकळी झाली, रडून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा एसटीने धुळ्याला वार्डात हजर. बगलेत कापडी पिशवी. मी चादर वर ओढली, पण मावशींचं आठवून पुन्हा खाली घेतली. आबा स्टुलावर बसले. रागावतील असं वाटत होतं. त्यांनी पिशवीतून शिफ्टच्या लोकांनी आणलेली ती टोपी काढली.

"ही तुनी टोपी," ते म्हणाले. "मना मयतनी. तुना दोस्त लई उनथात. जपी ठेव, लागी."

मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं."

"मरानी आवई उठनी का आयुष्य वाढस म्हनतस," ते म्हणाले. "वाढेल आयुष्य तू लई ले. माले काय करनं शे?"

असं आपलं वाढलेलं आयुष्य मला देऊन त्यांनी माझ्या पांघरुणावरून पाय चेपायला सुरुवात केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला जिवंतपणी मारलं, तो पाय चेपतोय.

नोटीस

व्हायचं ते झालं. शिफ्टमधलं ऑफिसात गेलं. घराला कुलूप होतं म्हणून नोटीस शेजाऱ्यांनी घेतली आणि फोनवर वाचून दाखवली. खोटं कारण सांगून रजा घेतली, त्यानंतर परवानगीशिवाय गैरहजर. खुलासा करा, नाहीतर नाव कमी करण्यात येईल.

घरातली दुसरी कमाई होती ती उषाची. ती जळगावात एका साडीच्या दुकानात काउंटरवर होती. आणि इथे मला मान खाली घालून लिहावं लागतं. उषाने तिच्या शेठला पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं. नवऱ्याला कॅन्सर आहे, ऑपरेशन आहे, मला त्याच्याजवळ राहावं लागेल. शेठने थोडे दिवस दिले, मग फोन केला. "ताई, लग्नसराई आहे. दुकान आहे, धर्मशाळा नाही." तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. उषाने ते मला बरेच दिवस सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही, तुझ्या कामाचं काय? तिच्या नोकरीला मी नोकरी समजतच नव्हतो. आता माझी गेली असती तर आमच्याकडे काहीच नव्हतं. औषधं पुढे चालायची होती, इंजेक्शनं अजून सुरूही झाली नव्हती.

टाइम ऑफिस

दवाखान्यातून सोडल्यावर, चालता येऊ लागल्यावर, मी कारखान्यात गेलो. सोबत उषा. आबाही निघाले. मी म्हणालो, तुम्ही कशाला? ते म्हणाले, "मी नही उनू ते त्या म्हनतीन, बुढा खरंच मरना."

हजेरी, रजा सगळं देवरे मॅडम बघतात. कडक बाई. उगाच हसत नाहीत, उगाच ओरडत नाहीत. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं आणि आबांकडे बघून विचारलं, "हे कोण?"

आबांनी मराठी बोलायचा प्रयत्न केला. "मी तोच. वारलेला."

मॅडमचं पेन थांबलं. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग तुम्ही कुठे होतात?"

मी वाक्य पाठ करून आलो होतो. पोटाचं ऑपरेशन झालं. एवढंच. पोट हा सभ्य शब्द आहे. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी माझ्या शर्टाच्या आत पिशवीतून आवाज झाला. लांबलचक. ज्यांनी ही पिशवी वापरली आहे त्यांना माहीत आहे, तो आवाज दाबता येत नाही, त्याला दारच नाही. खोलीत पंखा तेवढा फिरत होता. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कने मान वर करून खाली घातली. माझे कान तापले. उषाने माझा हात धरला. मला वाटलं, उठावं, चालू पडावं, नोकरी गेली तर गेली.

पण लपवायला आता राहिलं काय होतं? माझ्याआधी पिशवीच बोलून गेली होती. मग मी सांगितलं. रक्तापासून सांगितलं. शौचाची जागा, कॅन्सर, पिशवी, सायकलची ट्यूब, सगळं. आबांचं का सांगितलं तेही सांगितलं. सांगताना मी मॅडमकडे बघत नव्हतो, टेबलावरच्या काचेखाली दाबलेल्या देवाच्या फोटोकडे बघत होतो.

मॅडमनी माझी फाइल बंद केली. मग म्हणाल्या, "हिरालाल, मयताला आम्ही सुटी देतो ना, ती आमची मेहेरबानी असते. कायद्यात तशी वेगळी रजा नाही. रीत आहे म्हणून देतो. आजारपणाची रजा ही मेहेरबानी नाही. दर महिन्याला तुमच्या पगारातून विमा कापला जातो, तो कशासाठी? विम्याच्या डॉक्टरचा दाखला असेल, आणि तो पुढे पुढे चालू राहिला, तर त्या काळात तुम्हाला कामावरून काढता येत नाही. मी काढायचं म्हटलं तरी नाही, मालकाने म्हटलं तरी नाही. अशा मोठ्या आजाराला तर मुदत जास्त मिळते, पगाराचा मोठा भागही विम्यातून मिळतो. तुमच्या हातात हक्क होता. तो सोडून तुम्ही मेहेरबानी मागायला आलात. तीही खोटं बोलून."

मी दवाखान्याचे कागद त्यांच्यापुढे सरकवले.

"खोट्याचं पत्र तुमच्या फाइलला लागेल. ते मी टाळणार नाही. पण ती वेगळी गोष्ट. दवाखान्याचे सगळे कागद घ्या आणि आजच्या आज विम्याच्या दवाखान्यात जा."

उषा इतका वेळ ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, आणि आजारी माणसाजवळ बसणाऱ्याला? त्याची नोकरी राहते का?"

मॅडम पहिल्यांदाच अडखळल्या. "नाही ताई," त्या म्हणाल्या. "त्याला तसा काही नियम नाही आपल्याकडे. असायला पाहिजे."

उषाने मान हलवली आणि पदर सारखा केला. ज्याने खोटं सांगितलं त्याची नोकरी राहिली. जिने खरं सांगितलं तिची गेली. मी त्या खोलीतून सुटलो म्हणून खूश व्हायला पाहिजे होतं, पण मला उषाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

रांग

ज्या रांगेला भिऊन मी धुळ्याला पळालो होतो, त्याच रांगेत शेवटी मी उभा राहिलो. आमच्या कारखान्याचे दोघं-तिघं होतेच. एकाने विचारलं, "काय झालं हिरालाल?" मी म्हणालो, "संडासच्या जागेचा कॅन्सर." अगदी हळू म्हणालो, पण म्हणालो. त्या माणसाने माझ्या शर्टाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या आईला होता. पिशवीच्या कडेने चामडी सोलते ना? खोबरेल नको लावू, पिशवी चिकटत नाही." आणि त्याने मला त्याच्यापुढे घेतलं.

विम्याचे डॉक्टर रागावले. आधी इथे का नाही आलात, म्हणाले. कागद उलटेपालटे करत होते आणि रागावत होते, पण दाखला लिहीत होते. ऑपरेशनचे दिवस त्यांनी धुळ्याचे कागद बघून धरले. त्याआधीचे, म्हणजे मी आबांना मारलं तेव्हापासून भरती होईपर्यंतचे दिवस, बिनपगारी गेले. ते जायलाच पाहिजे होते.

तर हे वाचणाऱ्या भावाला, बहिणीला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या पगारातून विमा कापला जातो का, ते आजच बघा, धडधाकट असताना. दुखणं कळलं की आधी दाखला काढा, मग रडा. दाखल्याची तारीख चुकू देऊ नका. कारखान्यात कळवताना आजार आहे एवढं सांगितलं तरी चालतं, जागा सांगायची सक्ती कोणी करत नाही. हे मला माहीत असतं तर आबा त्या दिवशी वाचले असते.

इंजेक्शनांचे महिने गेले. केस गेले, मिशी गेली, चवही गेली. उषाने घरीच साड्यांना फॉल-पिको करायला घेतलं. मशीन खिडकीशी ठेवलं, म्हणजे माझ्याकडेही लक्ष राहील. मी एकदा म्हणालो, तुझ्या शेठकडे पुन्हा विचारून बघ. ती म्हणाली, "नको. आता माझी रजा मीच मंजूर करते." हे ती हसत म्हणाली, पण सुई बघत म्हणाली, माझ्याकडे नाही.

पिशवी कायमची राहिली. शर्टावरून दिसते का? थोडी दिसते.

कामावर परतलो तेव्हा स्टुलावर ट्यूब नव्हती. मी आधी तेच बघितलं होतं. भिकनने मशीन पुसून ठेवलं होतं. कोणी विषय काढला नाही, आणि त्यांना आबांच्या दारावर उगाच जावं लागलं, त्याबद्दल मीही कोणाची माफी मागितली नाही. मागायला पाहिजे होती. रोज वाटायचं, आज मागू.

टोपी

कापूस वेचणीच्या दिवसांत, मी पहिल्या शिफ्टला निघत असताना गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला. आबा सकाळी उठलेच नाहीत.

उषा म्हणाली, "ऑफिसात फोन करून कळवा आणि निघू."

मला फोन करवेना. फोनवर हे मी एकदा सांगून बसलो होतो. कोणत्या तोंडाने पुन्हा सांगणार? आणि कोण खरं मानणार? मी कपाटातून ती टोपी काढली. आबांनी जपून ठेव, लागेल, म्हटलं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. ती डोक्यावर घातली आणि कारखान्यात गेलो. गेटपाशी भिकन होता. त्याने टोपी ओळखली. त्यानेच ती विकत घेतली होती. तो बाजूला झाला.

मी देवरे मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिलो.  त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"आबा?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी रजेचं रजिस्टर उघडून बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या हक्काच्या रजा दुखण्यात संपल्यात, हिरालाल. आता ही मेहेरबानीची आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, मॅडम."

"मग मागा."

मला वाटलं होतं त्या नुसतं जा म्हणतील. पण त्या वाट बघत होत्या. मी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणालो, "मॅडम, माझे काका वारले. त्यांना अग्नी द्यायला मीच आहे. मला रजा द्या." हे सांगताना मी रडलो, आणि या वेळी ते त्यांच्यासाठीच होतं.

"गंधमुक्ती उरकूनच या," त्या म्हणाल्या.

गंधमुक्तीच्या दिवशी शिफ्टचे लोक गाडी करून आले. तेच सगळे. दुसरी टोपी आणली नव्हती, टॉवेल आणला होता. मी दारात उभा होतो. भिकन आधी उतरला. चपला काढण्याआधी त्याने ओट्याकडे पाहिलं. मागून उतरणाऱ्यांनीही एकेक करून तिकडेच पाहिलं. मग मीही पाहिलं. ओट्यावर शेंगांचं सूप होतं, आणि कोणी नव्हतं.